आगम, लोप आणि डी भाषा : मायक्रोकंट्रोलरवरील प्रयोगाचे परीक्षण

१

भाषेची परीक्षा सामान्यतः तिच्या समृद्ध प्रयोगांवरून केली जाते. तिच्यात किती अर्थच्छटा व्यक्त होतात, किती रचना सुलभ होतात, ह्याची मोजदाद होते आणि त्यावरून तिची योग्यता ठरविली जाते. परंतु भाषेची दुसरीही एक परीक्षा आहे आणि ती अधिक कठोर आहे. जेथे प्रत्येक शब्दाला मोल पडते, तेथे ती भाषा कशी वागते, हे पाहणे ही ती परीक्षा होय. तारेने संदेश पाठविण्याच्या काळात मराठीतील कोणते प्रत्यय व अव्यये गळत आणि कोणती गळूच शकत नसत, हे पाहिले असते तर मराठीच्या घडणीविषयी पुष्कळ काही कळले असते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांना अशी परीक्षा मायक्रोकंट्रोलर नावाच्या लहान चिपवर द्यावी लागते. तेथे ऑपरेटिंग सिस्टिम नसते, स्मृती अल्प असते, आणि भाषेने आपल्या सोयीसाठी मागे ठेवलेला सारा परिवार दाराबाहेर थांबतो. प्रस्तुत लेखात डी ह्या भाषेची अशा भूमीवर परीक्षा करण्याचे योजिले आहे.

डी भाषेची आखणी वॉल्टर ब्राइट ह्यांनी १९९९ मध्ये सुरू केली आणि तिचा पहिला कंपायलर डिसेंबर २००१ मध्ये बाहेर आला. सी आणि सी प्लस प्लस ह्या भाषांचे कंपायलर रचण्यात ब्राइट ह्यांची पुष्कळ वर्षे गेली होती. त्या भाषांचे सामर्थ्य राखून त्यांतील दोष टाळावेत, ही नव्या भाषेमागील भूमिका होती. जानेवारी २००७ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू ह्यांच्या सहकार्याने दुसरी आवृत्ती आकारास आली, आणि २०१० मध्ये त्यांनी ह्या भाषेवर विस्तृत ग्रंथ लिहिला. आज डी म्हटले की ही दुसरी आवृत्तीच अभिप्रेत असते.

ही भाषा लहान चिपवर चालते काय, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर 'चालते' असे आहे. मे २०१४ मध्ये झालेल्या डी भाषेच्या परिषदेत आर्म कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपवर ती चालविण्याचा प्रयोग एका व्याख्यानात मांडला गेला होता. परंतु एवढ्या उत्तराने परीक्षणाचे काम भागत नाही. ती चालावी म्हणून भाषेतून काय काढावे लागते, काय शिल्लक राहते, आणि जे शिल्लक राहते त्याला स्वतंत्र भाषेची प्रतिष्ठा आहे काय, हे खरे प्रश्न आहेत. त्यांचा विचार करताना पाणिनीय परंपरेतील आगम आणि लोप ह्या दोन संज्ञा उपयोगी पडतात. मूळ रूपात नसलेला अंश नियमाने येऊन मिळतो तो आगम; असलेला अंश नियमाने दिसेनासा होतो तो लोप. प्रोग्रॅमरने न लिहिलेले जे यंत्रसंकेतात येते आणि त्याने लिहिलेले जे यंत्रसंकेतात येत नाही, त्या दोहोंचा हिशेब मांडणे म्हणजेच डी भाषेचे परीक्षण करणे होय. ही उपमा आहे, समीकरण नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

२

प्रथम भूमीचे स्वरूप पाहू. उदाहरणासाठी एसटीएम३२एफ१०३सी८ ही बहुपरिचित चिप घेता येईल. तिच्यात कॉर्टेक्स-एम३ हा प्रोसेसर असून आज्ञावली ठेवण्यासाठी ६४ किलोबाइट फ्लॅश स्मृती आणि चालू कामासाठी २० किलोबाइट रॅम आहे. वीज मिळताच प्रोसेसर स्मृतीच्या आरंभीचे दोन शब्द वाचतो. पहिल्या शब्दात स्टॅक कोठून सुरू व्हावा हा पत्ता असतो आणि दुसऱ्यात प्रथम चालवावयाच्या फलनाचा. त्यापुढे निरनिराळ्या इंटरप्टांना उत्तर देणाऱ्या फलनांचे पत्ते ओळीने येतात. ह्या कोष्टकाखेरीज यंत्र दुसरे काही मागत नाही.

ते पहिले फलन सुरू होते तेव्हा भाषेने दिलेली आश्वासने अद्याप पूर्ण झालेली नसतात. ज्या चलांना आरंभीचे मूल्य दिलेले आहे त्यांची मूल्ये फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवून घ्यावी लागतात, आणि ज्यांचे मूल्य शून्य असावयाचे त्यांची जागा पुसून शून्य करावी लागते. ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या संगणकावर हे काम पडद्याआड होते. येथे ते प्रोग्रॅमरला स्वतःच्या हाताने करावे लागते. बाह्य उपकरणांशी व्यवहारही असाच उघडा असतो. षोडशमान पद्धतीत ४००११००० ह्या पत्त्यापासून बारा बाइट पुढे जो बत्तीस बिटांचा शब्द आहे त्यातील एक बिट बदलले की चिपच्या एका पायावरील विजेची पातळी बदलते आणि तेथे जोडलेला दिवा लागतो वा विझतो. तो शब्द स्मृतीसारखा दिसतो, पण तो स्मृती नाही. ती उपकरणाची कळ आहे.

ह्या प्रोसेसरची एक सोय उल्लेखनीय आहे. इंटरप्ट येताच तो आठ शब्दांची नोंद आपण होऊन स्टॅकवर करतो. फलन कसे बोलवावे ह्याविषयी सी भाषेचा जो संकेत आहे त्याला ही नोंद जुळती आहे. त्यामुळे इंटरप्टला उत्तर देणारे फलन साध्या फलनासारखे लिहिता येते. डी भाषेत सीच्या संकेताने फलन घोषित करण्याची तरतूद असल्याने हा लाभ तिलाही आपोआप मिळतो. तात्पर्य, यंत्राच्या बाजूने डीला कोणतीही आडकाठी नाही. जी अडचण येते ती भाषेच्या स्वतःच्या घडणीतून येते.

३

डी भाषेचा संपूर्ण परिवार मोठा आहे. न वापरलेली स्मृती परत गोळा करणारा गार्बेज कलेक्टर, प्रत्येक प्रकाराची चालनकाळी माहिती देणाऱ्या टाइपइन्फो नावाच्या नोंदी, प्रत्येक मोड्यूलचा आरंभ-अंत सांभाळणाऱ्या मोड्यूलइन्फो नावाच्या नोंदी, अपवाद फेकण्याची व झेलण्याची यंत्रणा, हे सारे रनटाइम लायब्ररीत असते. त्यातील कित्येक गोष्टी प्रोग्रॅमरने शब्दाने मागितलेल्या नसतात. प्रारंभीच्या प्रयोगांत असा अनुभव येत असे की, दोन-चार क्षेत्रांचा एक साधा स्ट्रक्ट लिहिला तरी कंपायलर त्याच्यासाठी टाइपइन्फोची नोंद निर्माण करी, आणि तिचा आधार सापडला नाही म्हणजे भाषांतर अडून बसे. मग त्या नावाचे पोकळ वर्ग लिहून कंपायलरची समजूत घालावी लागे. जे कधी वापरावयाचे नाही त्याची प्रतिमा केवळ नियमाच्या समाधानासाठी उभी करावी, असा तो प्रकार होता.

व्याकरणात आगम हा दोष मानलेला नाही. मात्र प्रत्येक आगमाला निमित्त असते, आणि ते निमित्त सूत्रावरून कळते. हाच निकष येथे लावला पाहिजे. न लिहिलेले काही आले, ह्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ते कशामुळे आले हे लिहिलेल्या मजकुरावरून कळत नसेल, तर मात्र तक्रार रास्त ठरते. ह्या निकषाने पाहता डीतील आगमांचे दोन वर्ग पडतात. दोन ॲरे जोडणाऱ्या चिन्हामुळे, अथवा बाहेरील चल धरून ठेवणाऱ्या फलनामुळे जी स्मृती मागितली जाते तिचे निमित्त मजकुरात दिसते. टाइपइन्फोचे निमित्त तसे दिसत नाही.

दुसऱ्या वर्गाचे सर्वांत बोधक उदाहरण साध्या चलाचे आहे. डीच्या दुसऱ्या आवृत्तीत मोड्यूलच्या पातळीवर घोषित केलेला चल, काही विशेष न लिहिल्यास, प्रत्येक थ्रेडला वेगळा असतो. अनेक थ्रेड असलेल्या संगणकावर हा नियम सुज्ञपणाचा आहे, कारण त्यामुळे नकळत होणारी देवाणघेवाण टळते. लहान चिपवर मात्र थ्रेडच नसतात. तरीही कंपायलर नियम पाळतो, आणि थ्रेडचा सूचक वाचून देणारे एक साहाय्यक फलन उपलब्ध आहे असे गृहीत धरून त्याला हाक मारतो. प्रोग्रॅमरने एक संख्या घोषित केली आणि तिच्या पोटी एका अनोळखी फलनाची मागणी आली, हा निमित्त न कळता झालेला आगम होय. तो टाळण्यासाठी चलापूर्वी 'जी-शेअर्ड' हा शब्द लिहावा लागतो.

भाषाशास्त्रात चिन्हित आणि अचिन्हित रूपांचा भेद केला जातो. जे सर्वसामान्य असते ते बहुधा अचिन्हित राहते आणि विशेषाला चिन्ह लागते. येथे ह्या लहान भूमीवर जे सर्वसामान्य आहे त्यालाच चिन्ह लावावे लागते. एवढेच असते तर तो गैरसोयीचा प्रश्न झाला असता. परंतु डीतील 'सेफ' ह्या खुणेने रक्षित केलेल्या फलनांना जी-शेअर्ड चलास स्पर्श करण्याची अनुमती नाही. म्हणजे लहान चिपला जे रूप नित्य लागते तेच भाषेच्या सुरक्षित भागातून हद्दपार झालेले आहे. सुरक्षितता हे डीचे प्रमुख आश्वासन. आणि ज्या भूमीवर त्या आश्वासनाची सर्वाधिक गरज, तेथेच ते पाळणे अवघड होऊन बसते.

आणखी एक आगम सूक्ष्म असल्याने सहसा ध्यानात येत नाही. सी भाषेत मूल्य न दिलेला सार्वत्रिक चल शून्य असतो. डीत प्रत्येक प्रकाराला त्याचे स्वतःचे आरंभमूल्य आहे. अपूर्णांकी संख्येचे आरंभमूल्य 'संख्या नव्हे' असे दर्शविणारे एक विशेष मूल्य असते, आणि अक्षरप्रकाराचे आरंभमूल्य २५५ असते. मूल्य द्यावयाचे राहून गेले तर चूक लपू नये, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. पण ह्याचा परिणाम असा होतो की, एक हजार अपूर्णांकांचा ॲरे नुसता घोषित केला तरी तो शून्याच्या क्षेत्रात न जाता मूल्ये असलेल्या क्षेत्रात जातो. रॅममध्ये ४,००० बाइट तर लागतातच. तेवढेच ४,००० बाइट फ्लॅशमध्येही त्या निरर्थक मूल्याच्या प्रती ठेवण्यासाठी खर्ची पडतात. ६४ किलोबाइटांपैकी सुमारे सहा टक्के जागा 'येथे अजून काही नाही' हे सांगण्यात जाते. ॲरेला स्पष्टपणे शून्य हे मूल्य देणे, अथवा अक्षरांऐवजी साध्या बाइटांचा प्रकार वापरणे, हा ह्यावरील उपाय आहे. तो सोपा आहे, पण नियम ठाऊक असणाऱ्यालाच सुचणारा आहे.

४

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती डीच्या फार अनुकूल आहे. पाणिनीय व्याकरणात लोप म्हणजे निव्वळ नाश नव्हे. प्रत्यय लुप्त झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य होतेच, असा तेथील सिद्धांत आहे. 'अग्निचित्' ह्या शब्दात क्विप् हा प्रत्यय लागतो आणि त्याचा एकही वर्ण उच्चारात उरत नाही. तरीही शब्दाच्या अंती आलेला त् हा त्याच प्रत्ययाच्या प् ह्या अनुबंधाचा परिणाम होय. अनुबंध हा व्याकरणासाठी असतो, उच्चारासाठी नसतो.

डीतील 'सेफ', 'नो-थ्रो', 'नो-जीसी' ह्या खुणा नेमक्या अनुबंधासारख्या आहेत. 'नो-जीसी' ही खूण २०१४ मध्ये भाषेत आली. ती लावलेल्या फलनात, अथवा त्याने बोलाविलेल्या कोणत्याही फलनात, गार्बेज कलेक्टरकडे स्मृती मागणारी रचना आढळली तर कंपायलर ते फलन नाकारतो. यंत्रसंकेतात त्या खुणेचा मागमूसही राहत नाही. मात्र तिच्यामुळे संपूर्ण आज्ञावलीविषयी एक विधान सिद्ध होते. सी भाषेत असे विधान करण्याची सोय नाही. तेथे ते टिप्पणीत लिहावे लागते, आणि टिप्पणीची सत्यता कोणी तपासत नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाषांतरकाळीच फलन चालविण्याची डीची शक्ती. संदेशात चूक शिरली की नाही हे ओळखण्यासाठी सीआरसी-३२ नावाची पद्धत वापरतात; तिच्यासाठी २५६ शब्दांचे, म्हणजे १,०२४ बाइटांचे कोष्टक लागते. सी भाषेत हे कोष्टक दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने तयार करून तयार आकड्यांच्या स्वरूपात चिकटविण्याचा प्रघात आहे. वाचकाला त्या २५६ आकड्यांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. डीत कोष्टक तयार करणारे फलन त्याच मजकुरात लिहिता येते. त्याचा परिणाम अपरिवर्तनीय असे घोषित केलेल्या ॲरेत घेतला की कंपायलर ते फलन स्वतः चालवितो आणि सिद्ध कोष्टक फ्लॅशमध्ये जाऊन बसते. लिंकरने अनावश्यक भाग गाळल्यानंतर मूळ फलनाचा एकही बाइट चिपवर राहत नाही. प्रत्ययाचा लोप होतो आणि कार्य मात्र राहते. शिवाय आकड्यांमागील हेतू मजकुरात वाचता येतो, हा लाभ निराळाच.

ह्याच वर्गात स्थिर प्रतिज्ञेचा समावेश होतो. एखाद्या उपकरणाचे वर्णन करणारा स्ट्रक्ट नेमका किती बाइटांचा आहे, त्यातील अमुक क्षेत्र नेमके कितव्या बाइटावर पडते, बिटांचे दोन गट एकमेकांवर चढत नाहीत ना, ह्या सर्व गोष्टी मजकुरातच विधानरूपाने लिहिता येतात. विधान असत्य असेल तर भाषांतर होत नाही. सत्य असेल तर ते विरून जाते. सीच्या अलीकडील प्रमाणांतही अशी प्रतिज्ञा आली आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु डीत ती भाषांतरकाळच्या फलनांना आणि टेम्प्लेटांना जोडता येत असल्याने तिचा पल्ला फार मोठा आहे.

शब्दांच्या अर्थाची स्थिरता हाही एक गुण येथे सांगितला पाहिजे. सीमध्ये पूर्णांकाच्या मूळ प्रकाराची रुंदी यंत्रागणिक बदलू शकते. डीत 'इंट' सर्वत्र बत्तीस बिटांचा आणि 'लाँग' सर्वत्र चौसष्ट बिटांचा असतो. त्यामुळे उपकरणाशी संबंध नसलेला, निव्वळ हिशेबाचा भाग मोठ्या संगणकावर संपूर्ण भाषेत भाषांतरित करून त्याच मजकुरात लिहिलेल्या चाचण्यांनी तपासता येतो, आणि मग तोच मजकूर चिपसाठी घेता येतो.

ॲरेचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. सीमध्ये ॲरे फलनाच्या हाती दिला की त्याची लांबी हरवते आणि नुसता पत्ता उरतो. ही सी भाषेची सर्वांत मोठी चूक होय, असे प्रतिपादन ब्राइट ह्यांनी २००९ मध्ये एका लेखात केले होते. मर्यादेबाहेरच्या लेखनाने होणारे असंख्य दोष पाहता ते अतिशयोक्त म्हणता येत नाही. डीतील स्लाइस आपल्याबरोबर पत्ता आणि लांबी दोन्ही बाळगतो. बत्तीस बिटांच्या चिपवर त्याला आठ बाइट लागतात, आणि मर्यादेची तपासणी रनटाइम लायब्ररी नसतानाही होते. तपासणी फसली म्हणजे काय करावे, ते फलन मात्र लहान चिपवर प्रोग्रॅमरने स्वतः पुरवावयाचे असते. ही जबाबदारी योग्य ठिकाणी आली आहे. मोटार थांबवावी की यंत्र पुन्हा सुरू करावे, हे भाषेने ठरवू नये.

५

उपकरणाच्या रजिस्टरविषयी डीने जो निर्णय घेतला त्याचा स्वतंत्र विचार करणे अवश्य आहे, कारण तो शुद्ध व्याकरणाचा प्रश्न आहे. कंपायलर हुशार असतो. एकाच जागी दोनदा लिहिले तर पहिले लेखन त्याला निरर्थक वाटते आणि तो ते गाळतो. स्मृतीच्या बाबतीत हा लोप निर्दोष आहे. रजिस्टरच्या बाबतीत तो घातक आहे, कारण तेथे प्रत्येक लेखन ही कृती असते. म्हणून लोपाला मज्जाव करणारे काही साधन भाषेत असावे लागते.

सीमध्ये हे साधन विशेषणाच्या रूपाने आहे. चलाच्या प्रकाराला 'व्होलाटाइल' हे विशेषण लावले की त्या चलाचा प्रत्येक उल्लेख लोपापासून सुरक्षित होतो. डीच्या पहिल्या आवृत्तीत हाच शब्द वाक्याच्या पातळीवर होता; एखाद्या वाक्याला अथवा वाक्यसमूहाला तो लावीत. दुसऱ्या आवृत्तीत तो वगळला गेला, आणि काही काळ ह्या गरजेला सर्वमान्य असे उत्तरच राहिले नाही. पुढे 'व्होलाटाइल-लोड' आणि 'व्होलाटाइल-स्टोअर' अशी दोन फलने लायब्ररीत आली. तीच आज प्रचारात आहेत. म्हणजे एकच अर्थ विशेषणातून वाक्यात आणि वाक्यातून क्रियापदात असा सरकत गेला.

ह्या स्थलांतराला सीचे अभ्यस्त प्रोग्रॅमर अधोगती मानतात. एके काळी भाषेचा असलेला शब्द आता लायब्ररीच्या दोन फलनांवर आला, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मान्य करता येत नाही. लोपाला मज्जाव करावयाचा तो वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या क्रियेला. वस्तू चंचल नसते. व्यवहार अटळ असतो. म्हणून तो अर्थ क्रियापदात असणे हेच अर्थदृष्ट्या उचित होय. ह्याचा व्यावहारिक लाभही आहे. सीमध्ये रजिस्टरमधील एक बिट चढविणारे छोटे वाक्य एकच कृती असल्यासारखे दिसते. वस्तुतः त्यात वाचन, बदल आणि लेखन अशा तीन पायऱ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये इंटरप्ट येऊन तेच रजिस्टर बदलून जाऊ शकतो. डीत वाचन आणि लेखन ही दोन क्रियापदे वेगळी लिहावी लागतात. त्यांच्यातील फट मजकुरात दिसते. ही फट टाळण्यासाठीच उपरिनिर्दिष्ट चिपमध्ये बिटे चढविण्या-उतरविण्याचे एक निराळे रजिस्टर दिलेले आहे. त्यात एकच लेखन पुरते. क्रियापदाची भाषा प्रोग्रॅमरला त्या रजिस्टरकडे आपोआप वळविते.

इतर भाषांचा इतिहासही ह्याला दुजोरा देतो. रस्ट भाषेनेही हा अर्थ वाचन-लेखनाच्या फलनांतच ठेवला आहे. सी प्लस प्लसच्या २०२० च्या प्रमाणात व्होलाटाइल चलांवरील संयुक्त क्रिया त्याज्य ठरविल्या गेल्या. परंतु लहान यंत्रांसाठी लिहिणाऱ्यांची अडचण पाहून नंतर हा निर्बंध सैल करावा लागला. विशेषण एकदा रूढ झाले म्हणजे ते मागे घेणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसून येते. डीवर दोषारोप करावयाचा तो वेगळ्या कारणासाठी केला पाहिजे. जुने साधन काढून घेतल्यानंतर नवे मिळेपर्यंत मधला काळ तिने रिकामा जाऊ दिला. व्याकरणाचा निर्णय बरोबर होता. संक्रमण बेपर्वाईने झाले.

६

२०१७ मध्ये डीच्या कंपायलरात 'बेटर-सी' नावाचा एक पर्याय नव्याने सिद्ध करण्यात आला. कंपायलरला तशी सूचना दिली की रनटाइम लायब्ररीवर अवलंबून असलेला भाग बंद होतो. गार्बेज कलेक्टर, टाइपइन्फो, मोड्यूलइन्फो, अपवाद, डीचे स्वतःचे वर्ग, वाढते ॲरे, मोड्यूलचे आरंभ-फलन, हे सारे वर्ज्य ठरते. टेम्प्लेटे, भाषांतरकाळची फलने, स्लाइस, मर्यादा-तपासणी, स्ट्रक्टचे नाशक फलन, क्षेत्रातून बाहेर पडताना करावयाची कामे, हे सारे राहते. एलएलव्हीएमवर आधारलेला एलडीसी आणि जीसीसीवर आधारलेला जीडीसी हे दोन्ही कंपायलर आर्मसाठी भाषांतर करू शकतात, आणि जीडीसी २०१९ मध्ये जीसीसीच्या नवव्या आवृत्तीत समाविष्ट झाल्याने साधनांचा प्रश्नही पुष्कळसा सुटला. मागील विवेचनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर बेटर-सीने आगमांवर बंदी घातली आणि लोप तसाच ठेवला. दिशा निःसंशय योग्य होती.

तथापि ह्या पर्यायाची व्याख्या वजाबाकीची आहे, आणि तेथेच त्याचे दौर्बल्य आहे. संपूर्ण भाषेतून अमुक अमुक काढले म्हणजे जे उरेल ते, अशी ती व्याख्या. एखाद्या बोलीचे वर्णन प्रमाणभाषेतील उणिवांची यादी देऊन केले तर ते वर्णन खोटे नसते, पण त्यातून बोलीची स्वतःची व्यवस्था कळत नाही. बेटर-सीतही ती कळत नाही. थ्रेडागणिक वेगळ्या चलाचा नियम तो जसाच्या तसा ठेवतो, कारण मोठ्या संगणकावर सी भाषेबरोबर वापरताना तो नियम चालतो. म्हणजे 'रनटाइम नसणे' आणि 'ऑपरेटिंग सिस्टिम नसणे' ह्या दोन निराळ्या परिस्थिती त्याने एकत्र केल्या आहेत. ज्याला चिपसाठी लिहावयाचे आहे त्याच्या वाट्याला पहिल्या परिस्थितीचे व्याकरण येते. दुसरीचे नियम त्याला अनुभवाने शोधावे लागतात.

वजाबाकीचा दुसरा दोष भाषांतरकाळच्या फलनांच्या बाबतीत दीर्घकाळ दिसला. जे फलन फक्त कंपायलरच्या आत चालावयाचे, ज्याचा चिपशी काही संबंध नाही, त्यात ॲरे जोडणारे चिन्ह वापरले तर गार्बेज कलेक्टर उपलब्ध नाही, असे सांगून कंपायलर त्याला अडवीत असे. पुढे हे बंधन बरेच शिथिल झाले. पण त्यावरून एक गोष्ट उघड झाली. बंदी घालणाऱ्याने जे लुप्त होणार आहे आणि जे उरणार आहे ह्यांत भेद केला नव्हता. वास्तविक हा भेद ह्या भाषेच्या सामर्थ्याचा गाभाच आहे.

रस्टने ह्याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले, ते तुलनेसाठी उपयुक्त आहे. २०१५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि २०१६ च्या आरंभी तिची 'कोअर' लायब्ररी स्वतंत्रपणे वापरण्यास स्थिर ठरविली गेली. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय जे शक्य आहे ते कोअरमध्ये, आणि उरलेले त्यावर रचलेल्या लायब्ररीत, अशी तेथे विभागणी आहे. लहान भाषा ही मोठीचा पाया आहे. मोठीतून कापून काढलेला तुकडा नव्हे. लहान यंत्रावर काम करणाऱ्याला ह्यामुळे मिळते ती प्रतिष्ठा. त्याची भाषा दुय्यम ठरत नाही. लायब्ररीचा लेखक आपला मजकूर कोणत्या थरासाठी आहे हे आधीच सांगतो. डीत प्रत्येक लायब्ररीविषयी ती बेटर-सीत चालते की नाही, हे चालवून पाहावे लागते. हलके रनटाइम रचण्याचे काही वैयक्तिक प्रयत्न झाले आहेत; परंतु व्यक्तीच्या प्रयत्नाने भाषेचा थर सिद्ध होत नाही, त्याला व्याकरणाची मान्यता लागते.

येथे डीच्या समर्थकांकडून एक युक्तिवाद केला जातो. डीची रचना सीला जवळची आहे, सीची फलने तिला थेट बोलाविता येतात, आणि त्यामुळे सीत लिहिलेल्या जुन्या आज्ञावलीत एकेक मोड्यूल डीचे आणता येते; रस्टप्रमाणे विचाराची संपूर्ण पद्धत बदलावी लागत नाही. हा युक्तिवाद खरा आहे. ज्या कारखान्यात वीस वर्षांचा सी मजकूर चालू आहे तेथे त्याचे मोल फार मोठे ठरेल. पण ह्याच युक्तिवादाने बेटर-सीच्या स्पष्ट व्याकरणाची निकडही सिद्ध होते. सीकडून येणारा मनुष्य अचिन्हित चल शून्य आणि सार्वत्रिक समजूनच लिहिणार. डीत तो शून्यही असेलच असे नाही आणि सार्वत्रिकही नाही. दोन भाषा जितक्या जवळच्या तितके असे खोटे मित्र-शब्द अधिक धोक्याचे, हे मराठी आणि हिंदी दोन्ही शिकविणाऱ्याला सांगावयास नको.

७

ह्या सर्व विवेचनातून निघणारा निर्णय असा. डी भाषेतील ज्या गोष्टी यंत्रसंकेतात उरत नाहीत त्याच तिच्या सर्वांत बळकट बाजू आहेत : भाषांतरकाळची फलने, प्रतिज्ञा आणि अनुबंधरूप खुणा. त्यांना एका बाइटाचीही किंमत न पडता त्या लहान चिपवर पूर्णपणे उपलब्ध राहतात, आणि स्लाइससारख्या अल्प खर्चाच्या साधनाची जोड मिळाल्यावर सीहून निश्चितपणे वरचढ अशी भाषा हाती येते. तिच्या दुबळ्या बाजू आहेत त्या न लिहिता येणाऱ्या गोष्टींच्या. त्यांतील बहुतेकांना बेटर-सीने आवर घातला, परंतु अचिन्हित चलाचा नियम आणि सुरक्षित फलनांवरील निर्बंध ह्या दोन ठिकाणी तो आवर पोहोचला नाही.

हा प्रश्न भाषाप्रेमींच्या आवडीनिवडीचा नाही. विजेचा मीटर, औषध सोडणारा पंप, गाडीचा ब्रेक ह्यांतील चिपवर बसलेली आज्ञावली एकदा बाहेर गेली की सहसा परत येत नाही. तीतील मर्यादाभंगाची चूक वर्षानुवर्षे मूकपणे वावरते. अशा आज्ञावली आजही प्रामुख्याने सीत लिहिल्या जातात. त्या चुका पकडू शकणारी भाषा २००१ पासून उपलब्ध असूनही ह्या क्षेत्रात तिचा प्रसार मर्यादित राहिला. ह्याचे एक कारण असे की, तिने ह्या क्षेत्राला स्वतःचे व्याकरण दिले नाही. मोठ्या संगणकासाठी लिहिलेल्या व्याकरणाला अपवादांची एक यादी जोडून दिली.

डीला नव्या रचनांची आवश्यकता आहे असे ह्या परीक्षणावरून दिसत नाही. आवश्यकता आहे ती ऑपरेटिंग सिस्टिमविरहित यंत्रासाठी एका वेगळ्या, भावात्मक प्रकरणाची : तेथे चल कोठे राहतो, त्याचे आरंभमूल्य किती जागा घेते, इंटरप्ट आणि मुख्य प्रवाह ह्यांच्यात सामायिक असलेली वस्तू सुरक्षित फलनातून कशी हाताळावी, आणि प्रत्येक आगमाचे निमित्त कोणते, हे सांगणाऱ्या नियमांची. हे प्रकरण लिहिले गेले तर बेटर-सी हे नाव सोडून देता येईल, कारण मग ती दुसऱ्या भाषेशी तुलना करून ओळखावयाची वस्तू राहणार नाही. तोपर्यंत लहान चिपवर डी लिहिणाऱ्याने संपूर्ण भाषा शिकून मग तीतील अर्धी विसरण्याची तयारी ठेवली पाहिजे.